मार्चमध्ये शुगरबीट बसू लागते तेव्हा फवारणी का लागू पडत नाही

तुम्ही लिहिलेले आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. दोन एकर शुगरबीट, कारखान्याने प्रायोगिक म्हणून दिलेले बियाणे, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोकण, भारी काळी जमीन, सरीने पाणी. खरिपात त्याच रानात सोयाबीन होते. जानेवारीत पानांवर गोल ठिपके आले, तेव्हापासून कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबच्या मिश्रणाच्या तीन फवारण्या झाल्या. ठिपके थोडे थांबले. आता मार्चच्या मध्यात झाडे दुपारी माना टाकतात, दोन-चार दिवसांत कायमची बसतात, उपटायला गेले की पाला हातात येतो आणि कंद जमिनीतच राहतो. दुकानदार म्हणतो की पानावरचा रोग मुळात उतरला, मेटालॅक्सिल या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे ते बुडात ओता. तुमचा प्रश्न आहे की सगळ्यात जोरदार बुरशीनाशक कोणते. आणि जाता जाता विचारले आहे की पाला जनावरांना चालेल का.

पानावरचा ठिपका मुळात उतरत नाही. तुमच्या रानात दोन वेगळे रोग आहेत. एक हवेतून आला, दुसरा जमिनीत आधीपासून बसलेला होता. पहिल्याने तुमचे लक्ष वर ठेवले आणि दुसरा खाली वाढत राहिला. त्यामुळे ‘कोणते औषध’ याआधी दोन गोष्टी ठरवायच्या आहेत: बुडातली कूज नेमकी कशाची, आणि उभे पीक अजून किती दिवस ठेवायचे. माझ्या अनुभवात मार्चमध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त पैसे वाचवते.

तुमच्या दुसऱ्या फोटोत मानेजवळ पांढरा कापसासारखा पसारा दिसतो. फोटोवरून मी साधारण नव्वद टक्के सांगू शकतो, उरलेले दहा टक्के तुम्हालाच शेतात जाऊन पुरे करायचे आहेत. पूर्ण मेलेले झाड उकरू नका. मेलेल्या झाडावर दहा प्रकारच्या बुरशी आणि जिवाणू येऊन बसतात आणि मूळ गुन्हेगार ओळखू येत नाही. दुपारी कोमेजते पण सकाळी पुन्हा उभे राहते, असे झाड निवडा. मानेभोवतीची माती हाताने अलगद बाजूला करा. पंख्यासारखे पसरलेले पांढरे धागे आणि त्यांत मोहरीएवढे गोल दाणे दिसले, काही पांढरे, काही बदामी, काही गडद तपकिरी, तर ती स्क्लेरोशियम रॉल्फसाय. सोयाबीन, भुईमूग आणि हरभऱ्यात जी मानकुज तुम्ही पाहिली असेल, तीच ही बुरशी. दाणे दिसले नाहीत तर कंदाचा एक तुकडा ओल्या कागदासोबत झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घरात सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरे धागे फुटतात आणि आठवडाभरात दाणे धरू लागतात. याला प्रयोगशाळा लागत नाही.

बाकीच्या कुजी वेगळ्या दिसतात. ऱ्हायझोक्टोनिया या बुरशीत कूज कोरडी, गडद तपकिरी ते काळी असते, देठांची बुडे काळी पडतात, कंदाला भेगा जातात आणि मोहरीसारखे दाणे कधीच नसतात. पिथियमसारख्यांची कूज बहुधा सोटमुळाच्या टोकाकडून वर चढते आणि जिथे पाणी साचते तिथेच सापडते. घाण वास आणि चिकट पाणी असेल तर जिवाणू आहेत, आणि ते बहुतेक वेळा हुमणीने किंवा खुरप्याने केलेल्या जखमेतून शिरलेले असतात. मेटालॅक्सिल हे पिथियम आणि केवडा रोगाच्या कुळासाठीचे औषध आहे. स्क्लेरोशियमवर ते चालत नाही. कार्बेन्डाझिमही या बुरशीवर फार कमकुवत आहे, म्हणजे तुम्ही तीन वेळा मारलेल्या औषधाचा बुडातल्या रोगावर काही परिणाम होण्यासारखा नव्हता. दुकानदाराला दोष देत नाही. त्याला फक्त ‘झाडे मरतात’ एवढेच कळलेले असते.

आता ही बुरशी कशी जगते ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

ती पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगते. २७ ते ३० अंश तापमान तिला सर्वांत मानवते, आणि मार्चपासून आपल्याकडे मानेजवळची ओली, पाल्याखाली झाकलेली माती नेमकी तेवढी तापते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत शांत असलेले रान मार्चमध्ये अचानक बसायला लागते. उत्तरेच्या मैदानांतही हेच होते. तिथे एप्रिल-मे उजाडला की कूज झपाट्याने वाढते, आणि भारतात शुगरबीटवर काम केलेल्या लोकांना पानावरच्या रोगांपेक्षा या मुळकुजीने जास्त छळले आहे. बुरशी झाडात शिरण्याआधी ऑक्झॅलिक आम्ल आणि पेशीभित्ती विरघळवणारी विकरे सोडते. समोरचा भाग मारत मारत ती पुढे सरकते. म्हणून वरून पान कोमेजलेले दिसेपर्यंत कंदाचा बराच भाग गेलेला असतो. अशा झाडाला कुठल्याही आळवणीने पुन्हा उभे करता येत नाही.

ते मोहरीएवढे दाणे म्हणजे या बुरशीच्याच घट्ट गाठी, आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. पण या बुरशीला हवा भरपूर लागते, त्यामुळे तिचा सगळा कारभार वरच्या काही सेंटिमीटर मातीत चालतो. खोल गाडलेले दाणे उगवायला कचरतात. आणखी दोन गोष्टी त्यांना जागे करतात. एक म्हणजे अर्धवट कुजलेला पालापाचोळा: त्यातून निघणारी वाफ दाण्यांना उगवायला चेतवते आणि तोच पाला बुरशीचा पहिला घास ठरतो. दुसरी म्हणजे सुकून पुन्हा ओले होणे. वाळलेल्या दाण्यांना पाणी मिळाले की ते जोमाने फुटतात. तुम्ही लिहिले आहे की फेब्रुवारीच्या शेवटी विजेमुळे पाण्याची पाळी लांबली, मग एकदम भरपूर पाणी दिले आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत झाडे बसू लागली. मला ते जुळून येते. जमिनीला भेगा, मग सरी तुडुंब, मानेला चिकटलेली ओली माती आणि खाली गळालेली जुनी ठिपकेवाली पाने. बुरशीला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळत नाही. इथे पानावरच्या रोगाचा बुडाशी संबंध एवढाच: ठिपक्यांनी वाळून गळालेल्या पानांनी खाली खाद्य तयार केले.

मातीची भर हाही मुद्दा आहे. उसाची सवय असलेले आपण बीटलाही खांदणी करून मानेवर माती चढवतो. बीटची मान झाकली गेली की दाणा आणि मान यांची गाठ आपणच घालून देतो. कंद उघडा पडून हिरवा होऊ नये एवढी हलकी भर ठीक, पण देठांच्या बेचक्यात माती जाता कामा नये. गादीवाफा आणि ठिबक असेल तर हा त्रास निम्म्याने कमी होतो असे मी पाहिले आहे, मात्र ड्रीपर थेट मानेवर टपकत असेल तर फायदा गेला.

आता उभ्या पिकाचे काय. इथे माझे उत्तर तुमच्या रानातल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. कूज ठराविक ठिकाणी, गोल चट्ट्यांनी असेल आणि एकूण रानाच्या मानाने थोडी असेल, तर चट्टे काठ्या रोवून निश्चित करा. बसलेली झाडे आणि त्यांच्या भोवतीचे वीतभर अंतरातले दिसायला चांगले कंदही, मानेजवळच्या मातीसकट, खोऱ्याने उचलून गोणीत भरा. ओढत नेऊ नका, दाणे सरीभर सांडतात. पाणी त्या सरीतून पुढच्या सरीत जाऊ देऊ नका, कारण ही बुरशी पाण्याबरोबर आणि अवजाराच्या मातीबरोबरच जास्त फिरते. चट्ट्याच्या कडेच्या चांगल्या झाडांना टेब्युकोनाझोलसारख्या ट्रायझोल गटातल्या औषधाची किंवा कार्बोक्झिन असलेल्या औषधाची मानेजवळ आळवणी केली तर शेजारी वाचतात. हे संरक्षण आहे, इलाज नाही. कंद आणि पाला दोन्ही वापरात येणार असतील तर लेबलवर पीक, मात्रा आणि काढणीपूर्वीचे अंतर वाचूनच ठरवा. ज्या औषधाच्या लेबलवर तुमचे पीक नाही त्याची जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते. आणि काढणी महिन्याच्या आत असेल तर मी आळवणी न करण्याच्याच बाजूने आहे.

कूज रानभर विखुरलेली असेल तर लवकर काढणी करा. तुमचे पीक साडेचार महिन्यांचे आहे. आणखी महिनाभर ठेवले तर चांगल्या कंदांचे वजन वाढेल हे खरे, पण तापमान चढत जाणार आणि रोज काही झाडे जाणार. रोज सकाळी एका ठरलेल्या सरीतली नवी बसलेली झाडे मोजा. पाच-सहा दिवसांच्या नोंदीतून वेग कळतो. वेग वाढत असेल तर थांबण्यात तोटा आहे, स्थिर असेल तर कारखान्याच्या तारखेची वाट बघता येते. शेतकी अधिकाऱ्याशी आजच बोला, त्याला फोटो दाखवा, आणि चट्टे असलेली पट्टी आधी उचलायची परवानगी मागा. काढलेले बीट उन्हात ढीग करून ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात साखर तासातासाने उतरते, दोन दिवसांच्या आत गाळप झाले पाहिजे. कुजके कंद चांगल्या मालात टाकले तर रस बिघडतो आणि पुढच्या वर्षी तुमच्याच गावाला बियाणे मिळत नाही. तेव्हा रानातच निवड करा.

पाण्याचे म्हणाल तर एकदम तोडू नका आणि तुडुंबही देऊ नका. एकाआड एक सरी, हलके, कमी अंतराने. भारी जमिनीत भेगा पडू दिल्या की मुळे तुटतात आणि पुढचे पाणी पुन्हा तोच गोंधळ घालते.

इथवरचे थोडक्यात: बुडात स्क्लेरोशियम आहे याची खात्री करा, मेटालॅक्सिल आणि कार्बेन्डाझिम विसरा, चट्टे वेगळे काढा, वेग मोजून काढणीची तारीख ठरवा.

आता पानावरचे ठिपके. तुमच्या पहिल्या फोटोत तीन ते पाच मिलिमीटरचे गोल, मधे राखाडी, कडेला लालसर-जांभळी रेघ असलेले ठिपके आहेत. हा सर्कोस्पोरा बेटिकोला या बुरशीचा रोग. खात्रीसाठी दहापट भिंगातून ठिपक्याच्या मध्यभागी बघा, बारीक काळे टिंब दिसतील. टिंब नसतील आणि कडा वेड्यावाकड्या असतील तर तो जिवाणूंचा ठिपका, त्याला बुरशीनाशक लागत नाही. हा रोग आधी जुन्या, बाहेरच्या पानांवर येतो. त्याला दिवसा २५ ते ३० अंश, रात्री १६ अंशांच्या वर तापमान आणि पान बराच वेळ ओले, असे हवामान लागते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री त्याहून गार असतात. त्यामुळे ठिपके थांबले यात तुमच्या फवारणीपेक्षा थंडीचा वाटा मोठा असावा असा माझा कयास आहे. आता मार्चमध्ये हवा कोरडी झाली, अवकाळी पाऊस लागून राहिला नाही तर हा रोग आपोआप मागे पडतो. नवीन फवारणीची गरज मला दिसत नाही. तुषार सिंचन असते तर संध्याकाळचे बंद करा म्हटले असते.

तरी पुढच्या हंगामासाठी याकडे दुर्लक्ष करू नका. पाने करपली की झाड नवी पाने काढते आणि त्यासाठी कंदात साठवलेली साखर वापरते. वजनातली घट शेतात चटकन दिसत नाही आणि साखरेचा उताराही घसरतो. शेतात हिरवेगार पीक पाहून खूश झालेला शेतकरी कारखान्याच्या काट्यानंतर गोंधळतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. मोठ्या प्रमाणावर बीट पिकवणाऱ्या देशांत हा पानांचा पहिल्या क्रमांकाचा रोग आहे आणि तिथल्या लोकांनी औषधांच्या बाबतीत जे भोगले ते आपल्याला फुकट शिकता येते. उत्तर ग्रीसमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बेनोमिल या बुरशीनाशकाला न जुमानणारा सर्कोस्पोरा सापडला. कार्बेन्डाझिम त्याच गटातले. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात स्ट्रॉबिल्युरीन गटावर विसंबून राहिलेल्यांना २०१६ साली जबर फटका बसला, कारण बुरशी त्या गटाला सरावली होती. तेव्हा एकच मिश्रण ओळीने तीनदा मारणे बंद करा. ट्रायझोल गट, मग दुसरा गट, सोबत मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य, अशी पाळी ठेवा. पहिली फवारणी ठिपके रानभर पसरल्यावर करून उपयोग नाही. बाहेरच्या पानांवर पहिले ठिपके दिसले आणि हवा ढगाळ, उबदार असली की लगेच करायची.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडचा पालक हा बीटचाच सख्खा भाऊ आहे, आणि हा ठिपका त्याच्यावरही तितक्याच आनंदाने वाढतो. बांधावर पालकाचे जुने वाफे, सॅलडचे बीट किंवा चाकवताचे तण असेल तर रोग तिथे मुक्काम करतो. शुगरबीटपासून ते लांब ठेवा आणि एकदा बीट घेतलेल्या रानात तीन वर्षे बीट-पालक नको.

भुरी आली असती तर पानावर पांढरी पूड दिसली असती, कोरड्या हवेत ती येते आणि गंधकाने आटोक्यात राहते. तुमच्याकडे ती नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

पुढच्या हंगामाचे मुख्य काम बेवड, म्हणजे त्या रानातले आधीचे पीक, निवडण्याचे आहे. सोयाबीनवर बीट घेतले हे तुमच्या नुकसानीचे मूळ. सोयाबीन, भुईमूग, हरभरा, टोमॅटो, मिरची, कांदा, सूर्यफूल ही सगळी या बुरशीला पोसणारी पिके. ज्वारी, बाजरी, मका, गहू तिला फारसे पोसत नाहीत. मला माहीत आहे, खरिपात सोयाबीन सोडा म्हणणे सोपे आणि करणे अवघड. किमान एवढे करा की बीट ज्या तुकड्यात घ्यायचे, त्या तुकड्यात आधीची दोन खरिपे मका किंवा बाजरी असू दे, सोयाबीन दुसऱ्या तुकड्यात जाऊ दे. कॅलिफोर्नियात लीच आणि डेव्ही या संशोधकांनी १९३८ साली लागवडीआधी मातीतले दाणे मोजून बीटच्या नुकसानीचा अंदाज बांधायची पद्धत दाखवली होती. त्याचे घरगुती रूप करता येते: रानातल्या दहा-पंधरा जागांची वरची माती गोळा करा, पाण्यात कालवून बारीक चाळणीतून धुवा आणि उरलेल्या गाळात तपकिरी मोहरी शोधा. सहज सापडू लागली तर त्या रानात बीट नको. न सापडली म्हणजे रान स्वच्छ, असे मात्र नाही. याच दोघांनी १९४२ साली नत्रखतांनी ही कूज कमी होते असेही दाखवले, पण ते ऐकून युरियाचा हात सैल सोडू नका. उशिरा दिलेले नत्र पाला वाढवते आणि साखर उतरवते. बीटला नत्र पहिल्या दोन महिन्यांत संपवायचे.

मे महिन्यात खोल नांगरट करून वरचे दाणे आणि पाला खाली गाडा. मग पुढची मशागत उथळ ठेवा, नाहीतर गाडलेले परत वर येते. नुसते रान तापवून दाणे मरतील यावर फार विसंबू नका. कोरडा दाणा उष्णता बरीच सोसतो, ओला सोसत नाही. म्हणून ज्या चट्ट्यांत यंदा कूज झाली, फक्त तिथे पाणी देऊन त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा मातीने दाबून अंथरा. दोन एकरांवर हे परवडणार नाही, चट्ट्यांवर परवडते.

ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीबद्दल लोक मला हमखास विचारतात. चांगले आहे, पण वेळेवर. टोकणीच्या आधी एकरी २ ते २.५ किलो भुकटी १०० किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात आठ-दहा दिवस सावलीत मुरवून सरीत टाका. आत्ता बसणाऱ्या झाडांवर ओतले तर पैसे पाण्यात. रासायनिक आळवणीसोबतही देऊ नका, औषध त्यालाच मारते. टोकण ऑक्टोबरच्या मध्याकडे ओढता आली तर पीक उन्हाळ्याच्या आधी तयार होते, फक्त त्या वेळी परतीचा पाऊस आणि पानावरचा ठिपका यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागेल. कोणती जोखीम घ्यायची हे तुमच्या भागातल्या पावसावर ठरेल.

राहिला पाल्याचा प्रश्न. शेवटची फवारणी होऊन लेबलवर दिलेले अंतर उलटले नसेल किंवा जनावरांच्या चाऱ्याबद्दल लेबल काहीच सांगत नसेल, तर तो पाला घालू नका. फवारणी नसलेला पालाही एक दिवस सुकवून, कडबा किंवा भुसकटात मिसळून, थोडा थोडा द्या. त्यात ऑक्झॅलेट जास्त असते, एकदम पोटभर खाल्ल्यास जनावर ढाळते. कुजके कंद जनावरांना नकोत आणि उकिरड्यावर तर अजिबात नकोत. तेच शेणखत पुढच्या वर्षी दाणे घेऊन रानात येईल. बांधापासून दूर खोल खड्डा करून त्यात गाडा.